पुडकं

मंगळवारी दुपारी ह्यांची निळी बॅग भरायला घेतली तेव्हा ते पुडकं मी सगळ्यात तळाला घातलं. वर दोन पायजमे, त्यावर बनियनची चळत, त्यावर शाल. मुद्दाम तळाला, म्हणजे बॅग उघडल्या उघडल्या नजरेला पडायला नको. बुधवारी सकाळी मोजे ठेवायला चेन उघडली तर बॅग जरा बसकी वाटली. हात घालून चाचपलं. पायजमे होते, बनियन होते, शाल होती. पुडकं नव्हतं. ठेवायचं राहिलंच वाटतं, असं मनाशी म्हटलं. सहासष्टाव्या वर्षी स्वतःवर संशय घ्यायला वेळ लागत नाही. मग कपाट उघडलं तर चादरींच्या घड्यांमागे, मागच्या फळीला टेकून ते उभं. मी पुन्हा बॅगेत घातलं. गुरुवारी पुन्हा चादरींमागे.

घरात आम्ही दोघंच असतो.

पुडकं म्हणजे मोठ्या माणसांच्या डायपरचं, दहाचं पाकीट. हा शब्द आमच्या घरात उच्चारला जात नाही. 'ते' म्हणतो, तेही क्वचित. आमच्या गल्लीच्या तोंडाशीच औषधांचं दुकान आहे, पण तिथे सगळे ओळखतात म्हणून मी चालत चालत दादर स्टेशनाजवळच्या दुकानात गेले, आणि तिथल्या पोराने चार गिऱ्हाइकांसमोर खणखणीत आवाजात विचारलं, "काकू, मीडियम की लार्ज?" ज्या माणसाच्या पँटी मी तीस वर्षं अल्टर करून आणल्या त्याच्या कमरेचं माप मला त्या क्षणी सांगता येईना. मीडियम, म्हटलं. पोराने पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून काळ्या पिशवीत घातलं. पूर्वी 'ती' पाकिटं अशीच गुंडाळून मिळायची. लग्नानंतर पहिल्या वर्षी मला ताप होता म्हणून हे जाऊन घेऊन आले होते. पुडकं फडताळावर ठेवलं, माझ्याकडे न बघता, आणि लगेच गावसकरबद्दल बोलायला लागले. मला क्रिकेटमधलं काही कळत नाही हे तेव्हा त्यांना माहीत झालेलं होतं.

मला खटकलं ते पुडकं काढलं याचं नाही. न विचारता ठेवलं होतं, न विचारता काढलं, फिट्टंफाट. पण ज्या हातांना शर्टाचं एक बटण लावायला पाच मिनिटं लागतात, चहाचा कप अर्धाच भरून द्यावा लागतो, त्या हातांनी रात्री कधीतरी, मी झोपलेली असताना, चेन न वाजवता बॅग उघडली, पायजमे बाहेर काढले, पुडकं काढलं, आणि पायजमे पुन्हा माझ्या घडीवर घडी बसवून ठेवले. दोनदा. किती वेळ लागला असेल? दिवा लावला नसणार, नाहीतर मला जाग आली असती. अंधारात बॅगेशी वाकलेलं ते माणूस डोळ्यांसमोर यायला लागलं आणि जाईना.

खरं तर बॅग भरणं हे आमच्या घरात कधी माझं काम नव्हतंच. हे आर.एम.एस.मध्ये होते, रेल्वे मेल सर्व्हिस. गाडीला जोडलेल्या डाकेच्या डब्यात रात्रभर उभं राहून पत्रं लावायची. समोर खणांची भिंत, हातात पत्रांचा गठ्ठा, आणि गाडी रुळांवर कशीही हेलकावली तरी पत्र बरोबर आपल्या गावाच्या खणात. मग थैली बंद करायची, सुतळी आवळायची, लेबल लावायचं, गाठीवर लाख ओतून शिक्का मारायचा. आमच्या घरातल्या बॅगाही तशाच भरल्या जात. कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवलेली, प्रत्येक बॅगेला पुठ्ठ्याचं लेबल, त्यावर मोत्यासारख्या अक्षरात नाव, गाव आणि पिन कोड. मुंबई सेंट्रलहून रात्रीची एसटी पकडून आम्ही गुहागरला जायचो तेव्हा टपावर चढवलेल्या साऱ्या सामानात आमचं सामान लांबून ओळखू यायचं. मला तेव्हा त्याची लाज वाटायची. स्वतःच्याच गावाला जाताना स्वतःच्या बोचक्यावर कुणी पिन कोड लिहितं का!

पिन कोडवर ह्यांचा भारी जीव. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला तेव्हा हे नोकरीत नवे होते, त्यामुळे तो आपल्या डोळ्यांदेखत जन्मला असं काहीतरी त्यांच्या मनात आहे. तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि शिवाय संस्कृत कवी, ही गोष्ट घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला ऐकावी लागली आहे. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसऱ्याने सॉर्टिंगचा जिल्हा कळतो, आणि उरलेले तीन नेमक्या पोस्टाचे. मेंदूच्या डॉक्टरांनी स्मरणशक्ती बघायला बारा महिने उलटे म्हणायला सांगितले तर हे म्हणाले, त्यापेक्षा एखादं गाव सांगा. डॉक्टरांनी आपलं आजोळ सांगितलं. ह्यांनी सहा आकडे म्हटले. डॉक्टरांनी फोनवर बघितलं आणि पुढची तपासणी जरा आदबीने केली.

तर हाताबद्दल. आजार आधी हाताच्या थरथरीतून नाही, अक्षरातून कळला. बँकेने एक चेक परत पाठवला, सही जुळत नाही म्हणून. हे तावातावाने बँकेत गेले, समोर पुन्हा सही केली, तीही जुळेना. अक्षर बारीक झालं होतं. नावाची सुरुवात ठीक, मग पुढचं प्रत्येक अक्षर आधीच्यापेक्षा लहान, आडनावाच्या शेवटी मुंग्यांची रांग. आम्ही चष्म्याचा नंबर बदलला. चष्म्यानंतर पाच महिन्यांनी डॉक्टर, आणि मग तो शब्द: पार्किन्सन्स. माझी आजी त्याला कंपवात म्हणायची. ह्यांना कंप तर थोडाच, उजव्या हातापुरता. बाकी सगळं उलट, शरीर थांबत जाण्याचं. आवाज खाली गेला. चेहऱ्यावरच्या रेषा हलेनाशा झाल्या. मागच्या दिवाळीत नातीने मला स्वयंपाकघरात ओढत नेऊन विचारलं, "आजी, आजोबा माझ्यावर चिडलेत?" ते तिचं चित्र बघून खूश झाले होते. मला दिसत होतं. तिला कसं दिसावं?

ही गुहागरची कल्पना मुलाची. तो बंगळूरला असतो. ऑक्टोबरात फोनवर म्हणाला, "आई, बाबांना एकदा गावाला नेऊन आणू. व्याडेश्वराला लघुरुद्र करू, तीन रात्री राहू, आम्ही तिघंही येतो." प्रेमाने म्हणाला. पण त्या 'एकदा'वर माझं बोट अडकलं. आपण मराठीत 'एकदा' किती प्रकारे म्हणतो. एकदा ये ना घरी. एकदाचं झालं. एकदा बघून घेऊ दे. त्याच्या मनात काय होतं कोण जाणे, पण फोन ठेवल्यावर हे हळू म्हणाले, "एकदा म्हणजे शेवटचं." मी म्हटलं, "काहीतरीच." आणि गॅसवर काही नसताना स्वयंपाकघरात गेले.

डॉक्टरांकडे विचारायला गेलो. हे कबूल करायला लाज वाटते, पण मी मनातून ते नाही म्हणतील अशी आशा धरून गेले होते. प्रवासाची दगदग, मधला घाट, अनोळखी बाथरूम, सगळं मी वाढवून सांगितलं. माझी बाजू मी चांगली मांडली. डॉक्टर म्हणाले, "जा की! गोळ्यांच्या वेळा तेवढ्या सांभाळा, पाणी भरपूर प्यायला लावा, बसल्याचं एकदम उठू देऊ नका, बीपी खाली जातं. समुद्राची हवा छान असते." ह्यांच्या न हलणाऱ्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण टॅक्सीत त्यांनी माझा हात धरला. टॅक्सी प्रभादेवीवरून वळेपर्यंत मी तो धरू दिला. मग पाण्याची बाटली काढायच्या निमित्ताने सोडवून घेतला.

का नको होतं मला? दगदग हे एक झालंच. पण दुसरं कारण मला त्या पुडक्यामुळे कळलं, आणि ते मान्य करायला गुरुवारपर्यंत वेळ लागला. मुलगा रोज व्हिडिओ कॉल करतो, अकरा वाजता. ती वेळ मी ठरवून दिली आहे. "अकराला कर हं, बाबा तेव्हा मोकळे असतात." हे सहाच्या गोळीला उठतात, दहाची घेतात, आणि अकराला ती पुरती चढलेली असते. तो तासभर माणूस जवळजवळ पूर्वीसारखा असतो: हात हलतो, वाक्यं पुरी होतात, विनोदसुद्धा करतात. पावणेदोनला, गोळी उतरली की, ह्याच माणसाला खुर्चीतून उठवायला मला मागून रेटा द्यावा लागतो. पहाटे पाचला तर कूससुद्धा बदलता येत नाही, मी चादर ओढून वळवते. मुलाने गेली दोन वर्षं फक्त अकराचे बाबा पाहिलेत. मीच दाखवलेत. दिवाळीला येतात ते चार दिवस, घर आपलं, दारं लावून घेता येतात, मी निभावते. गुहागरला तीन रात्री एका छपराखाली, पातळ भिंतींच्या खोल्यांत, पाचचे बाबा आणि दोनचे बाबा सगळ्यांना दिसणार. सुनेला दिसणार. म्हणजे हे पुडकं चादरींमागे लपवतात आणि मी अख्खा माणूस अकराच्या मागे लपवते. मग कुणी कुणावर रागवायचं?

आमच्यात अकरा वर्षांचं अंतर. १९८२ च्या फेब्रुवारीत लग्न झालं, गिरण्यांचा संप सुरू होऊन महिना झाला होता आणि माझे वडील गिरणीच्या ऑफिसात असल्यामुळे लग्न अगदी थोडक्यात उरकलं. ह्यांच्या पाठच्या दोन बहिणींची लग्नं व्हायची होती म्हणून हे थांबले होते. आत्या म्हणाली होती, "मोठा आहे, सांभाळून घेईल." आणि घेतलंही. बँकेचे व्यवहार, रेशनकार्ड, मुलाची शाळा, मला कशाकडे बघावं लागलं नाही. मधल्या काळात ते अंतर कुठे गेलं समजलंच नाही. मी चाळीसची आणि हे एक्कावन्नचे, कोण मोजतंय? आता मात्र ते परत आलंय, व्याजासकट. माझे गुडघे अजून ठणठणीत आहेत. सकाळी शिवाजी पार्कच्या दोन फेऱ्या मी झपझप मारते. माझ्या ग्रुपमधल्या बायका हंपीला जाऊन आल्या, फोटो पाठवले, मी सगळ्यांना फुलांची चित्रं पाठवली. गुहागरचं नाव निघालं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय आलं सांगू? व्याडेश्वर नाही, दुर्गादेवी नाही. सुरुच्या बनातून बाहेर पडून, चपला हातात घेऊन, ओल्या घट्ट वाळूवरून मी एकटीच भराभर चालतेय, वळून न बघता. वळून न बघता, हे महत्त्वाचं.

हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

तयारी मात्र मी जीव तोडून केली. तिकिटं मांडवीची. वंदे भारत वेगवान असली तरी चिपळूणला थांबत नाही, आणि चिपळूणला उतरून पुढे साधारण ४५ किलोमीटर गाडीने जायचं आहे. पूर्वी चार महिने आधी आरक्षण मिळायचं, आता साठ दिवस. साठाव्या दिवशी सकाळी आठला मुलगा तिकडे आणि मी इकडे फोन घेऊन बसलो. ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० मध्ये गेली, त्यावर हे दर वेळी एक निषेधाचं वाक्य बोलतात, ते बोलून झालं. मग कागदावर गोळ्या मांडल्या. सहाची घरी. दहाची गाडीत, माणगावच्या आसपास. ती जेवणाच्या अर्धा तास आधी घ्यायची, कारण डाळ, दूध, अंडं असलं काही पोटात असलं की औषध रक्तात उतरायला अडतं. म्हणजे मांडवीतलं ते गाजलेलं खाणं, ऑम्लेटबिम्लेट, दहाच्या आधी समोर येऊ द्यायचं नाही. बटाटेवडा चालेल. हे ऐकून हे म्हणाले, "दोन."

खरी कसोटी दाराची. हे जिने चढतात-उतरतात, आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीचे दोन मजले कठडा धरून व्यवस्थित. पण सपाट जमिनीवर, उंबऱ्याशी, दाराच्या चौकटीत पाय थिजतात. बुटाला डिंक लावल्यासारखे. वरचा देह पुढे जातो, पाय मागे राहतात, आणि तिथेच पडायची भीती. लोकांना वाटतं उलटं असेल. सोसायटीतले एकजण मला म्हणालेही की जिना चढतात म्हणजे चांगलेच आहेत की, उगाच काळजी करता. मुंबईत पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी २००१ पासून एक सोसायटी आहे, तिच्या एका मेळाव्यात एका तरुण मुलीने आम्हाला शिकवलं: जमिनीवर आडवी रेघ दिसली की पाय ती ओलांडायला आपोआप उठतो, नाहीतर मोजायचं, नाहीतर ताल धरायचा. घरी येऊन मी बाथरूमच्या दाराशी पिवळ्या चिकटपट्टीच्या रेघा मारल्या. मग लक्षात आलं, आमच्या जुन्या घरातल्या काळ्या-पांढऱ्या चौकटींच्या फरशीवर हे बरे का चालतात आणि शेजारच्यांच्या नव्या चकचकीत लादीवर का अडकतात. इतकी वर्षं मी ती फरशी बदलू या म्हणून भुणभुण लावली होती.

तर या आठवड्यात रोज संध्याकाळी आमची रंगीत तालीम. हॉल म्हणजे दादर स्टेशन. दिवाणापासून दारापर्यंत फलाट. दाराची चौकट म्हणजे डबा. मी मागे उभी राहून म्हणते, "एक, दोन, एक, दोन, उचला." नुसत्या आकड्यांनी कधी भागत नाही, मग मी आरती म्हणते. टाळ्या वाजवत, भर संध्याकाळी, जानेवारीत, गणपतीची आरती. समोरच्या गॅलरीतल्या बाई पहिल्या दिवशी हात जोडून उभ्या राहिल्या. फलाटाचा नंबर कितवा यावर आमचं भांडण. ९ डिसेंबर २०२३ ला मध्य रेल्वेच्या बाजूचे नंबर बदलून आठपासून सुरू झाले, पण हे जुन्याच नंबरांवर अडून बसतात. "तुम्ही नंबर बदलाल, फलाट जागचा हलणार आहे का?"

व्हीलचेअरवरून मात्र खरं भांडण झालं. पुलाचे जिने हे चढतील, पण वर सपाटीवर पोचून तिथे थिजले तर? सकाळी सातला दादरचा पूल. मागून येणारा लोंढा थांबत नाही, त्याला थांबताच येत नाही. मुलाने चाकाच्या खुर्चीची आणि हमालाची सोय फोनवरून बघून ठेवली होती. मी सांगितलं तेव्हा हे बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "खुर्चीत बसून? दादर स्टेशनात?" आवाज इतका खाली की मी तोंडाजवळ कान नेला. अडतीस वर्षं ज्या माणसाने रात्री-बेरात्री स्टेशनांतून थैल्या चढवल्या-उतरवल्या, धावत्या गाडीत पाय रोवून उभं राहायचं ज्याचं कसब, त्याला मी काय सांगत होते हे मला कळत होतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "मग राहू या घरीच. मला कुठे हौस आहे." हौस होती. ती वाळूवरची हौस होती, म्हणूनच इतकं लागलं असणार. ते उठायला गेले, उठता येईना, आणि मला त्यांना उठवायला जावं लागलं. भांडून झाल्यावर ज्याच्याशी भांडलो त्यालाच काखेत हात घालून उभं करायचं, ही या आजाराने घातलेली रीत. रुसून दुसऱ्या खोलीत जायची सोय दोघांपैकी कुणालाच उरलेली नाही.

त्या रात्री झोपताना त्यांनी आपण होऊन खाजकुइलीची गोष्ट काढली. लहानपणी गुहागरला कुंपणावरच्या खाजकुइलीच्या शेंगा पोरांनी ह्यांच्या सदऱ्यात टाकल्या होत्या. ती सोनेरी कूस अंगाला लागली की माणूस वेडा होतो. आईने शेण फासून विहिरीवर उभं केलं, गावभर हसं झालं. आता ह्यांना जी गोळी आहे तिच्यातलं लेव्होडोपा त्याच खाजकुइलीच्या बियांमध्ये असतं. हे डॉक्टरांनीच सांगितलं, आणि वर दम दिला की म्हणून घरच्या घरी चूर्णबिर्ण खाऊ नका. ह्यांना त्या योगायोगाची फार गंमत वाटते. "तेव्हा नाचवलं," म्हणाले, "आता चालवते." मग बराच वेळ काही बोलले नाहीत. मला वाटलं झोप लागली. तर म्हणाले, "वाडीचा वास येतो का गं अजून? सुपारीच्या फुलाचा?" ह्यांचं नाक आजाराच्याही आधी गेलं. किती आधी ते सांगता येणार नाही. एकदा दूध करपून पातेलं काळं झालं तरी हे शेजारी बसून पेपर वाचत होते, तेव्हा मी ओरडले होते, लक्ष कुठे असतं तुमचं! वास जाणं ही त्या आजाराची फार आधीची खूण असते, हे खूप नंतर वाचलं. त्या ओरडण्याबद्दल माफी मागायची राहून गेली आहे. मी म्हटलं, "येतो की. पोचलो की सांगते तुम्हाला."

शुक्रवारी मी पुडकं तिसऱ्यांदा बॅगेत घातलं नाही. चादरींमागेच राहू दिलं. ठरवलं, पर्समध्ये दोन टाकू, बाकी काय व्हायचं ते होईल.

काल शनिवारी संध्याकाळी शिवाजी पार्कवरून परत आले. दार उघडलं आणि घरात वास. जळका, पण कापडाचा नाही, दुधाचा नाही, वायरचा तर नाहीच. थोडा गोडसर, थोडा धुपासारखा, घशाशी चिकटणारा. धावत स्वयंपाकघरात गेले, गॅस बंद. देवघरात निरांजन सकाळचंच, विझलेलं. हे दिवाणावर बसून होते, समोर बातम्या चालू. "काय जळलं?" "कुठे काय?" त्यांना विचारून उपयोगच नव्हता म्हणा. मी सगळे स्विच बघितले, खिडक्या उघडल्या. वास ओळखीचा होता, फार ओळखीचा, पण कुठला ते काही केल्या आठवेना. गिरगावच्या आमच्या खोलीशी त्याचा काहीतरी संबंध होता. सकाळी दार वाजायचं, रात्रपाळीचा शर्ट खुंटीला लागायचा...

रात्री जेवणं उरकून बॅगा दाराशी लावल्या. ह्यांची निळी बॅग उचलली तर तळ भरलेला. चेन उघडली. पायजम्यांखाली तपकिरी कागदात बांधलेलं एक चौकोनी पुडकं. कागद कुरियरच्या खोक्याचा, कडा वाकड्यातिकड्या दुमडलेल्या, पण सुतळी आडवी-उभी, ताठ. गाठ ती जुनीच, जी मला चाळीस वर्षांत कधी सोडवता आली नाही. गाठीवर लाल लाख, चांगली रुपयाएवढी, बाजूला ओघळलेली, आणि तिच्यात अंगठ्याचा ठसा. लाखेची कांडी ड्रॉवरच्या कोपऱ्यात इतकी वर्षं पडलेली होती, दर दिवाळीच्या साफसफाईत ती माझ्याकडूनच फेकायची राहून जायची. सुतळीत एक लेबल ओवलेलं, कुठल्याशा लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूचं. आत काय आहे ते लिहिलेलं नव्हतं. नाव नव्हतं. सहा आकडे होते, पहिला वाटाण्याएवढा, शेवटचा मोहरीएवढा. भिंग आणून वाचले: ४१५७०३. गुहागर.

मला आधी भीतीच वाटली. मग राग आला. "काडी पेटवलीत तुम्ही? ह्या हातांनी? घरात एकटे असताना? काही झालं असतं तर?"

ह्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. तेवढ्यालाही वेळ लागला. मी जवळ जाऊन वाकले.

"सील नसलं तर थैली पुढे घेत नाहीत," म्हणाले.

पुडकं होतं तिथे, पायजम्यांखाली ठेवून मी चेन लावली. चारचा गजर लावला. मग आठवण झाली म्हणून उठले आणि पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात छोटी कात्री घातली.